विंचूदंश आणि हृदय : महाड परिसरात सापडलेल्या एका उपचाराचा इतिहास

हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाढलेले कोलेस्टेरॉल, मधुमेह, सिगारेट आणि पन्नाशी ओलांडलेला माणूस येतो. आज मी ज्या हृदयविकाराबद्दल लिहिणार आहे तो आठ-दहा वर्षांच्या धडधाकट मुलालाही होतो, आणि वेळेवर ओळखला नाही तर काही तासांत जीव घेतो. त्याचे कारण असते विंचवाचा डंख.

"डॉक्टर, विंचू चावला की फार दुखतं, पण माणूस मरत नाही ना?" हा प्रश्न मला दवाखान्यात नेहमी विचारला जातो. उत्तर असे, की बहुतेक वेळा मरत नाही. पण कोकणात असा काळ होता, की विंचवाचे विष अंगात भिनलेल्या गंभीर रुग्णांपैकी साधारण तिसरा-चौथा रुग्ण दगावत असे. ही परिस्थिती बदलण्यात मोठा वाटा आपल्याच रायगड जिल्ह्यातील महाड परिसराचा आहे. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने निघाले की महाड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे झालेले काम समजून घेतले, तर विंचवाबरोबरच आपले हृदय आणि रक्ताभिसरण कसे चालते हेही समजते. म्हणून हा इतिहास जरा सविस्तर सांगतो.

लहान लाल आणि मोठा काळा

लोकांना भीती वाटते ती मोठ्या, काळ्या विंचवाची. दिसायला तो भयंकर असतो, पण त्याचे विष सहसा जीवघेणे नसते. खरा धोका असतो तो लहानखुऱ्या, लालसर-तपकिरी विंचवापासून. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या आणि लाल मातीच्या मुलखात हा लाल विंचू भरपूर आढळतो. दगडांच्या फटी, कौले, सरपणाचा ढीग, भाताचा पेंढा, गोवऱ्या, कोपऱ्यात पडलेले कपडे आणि चपला-बूट ही त्याची लपण्याची ठिकाणे. तो रात्री बाहेर पडतो. त्यामुळे अंधारात अनवाणी चालणारे, जमिनीवर झोपणारे, शेतात आणि वीटभट्टीवर राबणारे लोक आणि त्यांची मुले यांनाच तो जास्त चावतो. उन्हाळ्याचे महिने आणि भातकापणीचा काळ या दोन वेळी असे रुग्ण वाढतात.

मोठ्या माणसाला आणि लहान मुलाला विंचू चावला तर विष तेवढेच जाते, पण मुलाचे शरीर लहान असते. म्हणून मुलांमध्ये विषाचा परिणाम जास्त होतो.

१९६१ : ७८ रुग्ण, २३ मृत्यू

१९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉ. मुंडले यांची एक छोटी नोंद प्रसिद्ध झाली. तिच्यात विंचू चावलेल्या ७८ रुग्णांची माहिती होती. त्यांपैकी २३ जण मरण पावले होते, आणि मृत्यूचे कारण होते फुफ्फुसात पाणी भरणे. विंचवाने डंख मारलेला असतो पायाच्या अंगठ्याला, मग पाणी फुफ्फुसात कसे भरते?

याच सुमारास जगाच्या इतर भागांतूनही अशीच माहिती येत होती. १९६३ मध्ये त्रिनिदाद बेटावरून डॉ. पून-किंग यांनी लिहिले, की विंचूदंशानंतर हृदयाच्या स्नायूला इजा होते आणि ती ईसीजीमध्ये दिसते. इस्रायलमधील डॉ. ग्वेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात दाखवले, की गंभीर रुग्णांमध्ये हृदय निकामी होते आणि शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचे प्रमाण खूप वाढलेले असते. म्हणजे हे विष हृदयावर आघात करते हे कळले होते. पण गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात समोर आलेल्या रुग्णाला नेमके काय द्यायचे, हे ठरलेले नव्हते.

पंप आणि नळ्या

पुढचा भाग समजण्यासाठी रक्ताभिसरणाची थोडी उजळणी करू. हृदय हा पंप आहे. डावी बाजू शुद्ध रक्त शरीरभर ढकलते. हे रक्त मोठ्या धमन्यांतून लहान धमन्यांत जाते. या लहान धमन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. ते आवळले की नळी अरुंद होते, सैल पडले की रुंद होते. शेतात पाणी देताना रबरी पाइपचे तोंड बोटाने दाबले तर काय होते ते आठवा. मागचा दाब वाढतो आणि मोटारीवर ताण येतो. रक्तवाहिन्या आवळल्या की हृदयाचे तसेच होते. आपण रक्तदाब मोजतो तेव्हा या ताणाचा अंदाज येतो.

आता दुसरी बाजू पाहा. शरीरातील बरेचसे रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असते. शिराही आवळल्या, तर हे सारे रक्त एकदम हृदयाकडे लोटले जाते. पुढे वाट अरुंद आणि मागून लोंढा, अशी हृदयाची कोंडी होते. डावी बाजू रक्त पुढे ढकलू शकली नाही, की ते मागे फुफ्फुसांत तुंबते. रक्तातील द्रव झिरपून हवेच्या पिशव्यांत येतो. रुग्णाला धाप लागते, आडवे झोपवत नाही, खोकल्यातून गुलाबीसर फेस येतो. हेच ते फुफ्फुसात पाणी भरणे. ते बाहेरून आलेले पाणी नसते, ते आपल्याच रक्तातले असते.

विष नेमके काय करते?

मज्जातंतूतून संदेश जातो तो विजेसारखा. मज्जातंतूच्या पडद्यावर सोडियमची सूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडतात, संदेश पुढे जातो आणि दारे बंद होतात. लाल विंचवाचे विष ही दारे नीट बंद होऊ देत नाही. दाराच्या घंटेचे बटण आत अडकून बसावे आणि घंटा वाजतच राहावी, तसे मज्जातंतू संदेश देतच राहतात.

याचा सगळ्यात मोठा परिणाम होतो आपल्या इच्छेविना चालणाऱ्या मज्जासंस्थेवर, म्हणजे घाम, लाळ, नाडी आणि रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या यंत्रणेवर. सुरुवातीला उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, तोंडाला लाळ सुटते. मुलगे आणि पुरुष यांच्यात लिंगाला ताठरता येते. मग ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हात-पाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब वाढतो, नाडी धावू लागते. याच संप्रेरकांच्या अतिरेकाने हृदयाच्या स्नायूलाही थेट इजा होते. आधीच दुखावलेले हृदय आणि त्याच्यापुढे आवळलेल्या नळ्या, अशी ही स्थिती असते. शेवटी पंप थकतो, फुफ्फुसात पाणी भरते, रक्तदाब कोसळतो.

म्हणजे इथे विंचवाचे विष "डोक्यात चढत" नाही. रुग्ण मरतो तो हृदय आणि रक्ताभिसरण कोलमडल्यामुळे.

बिरवाडीचे आरोग्य केंद्र

१९७६ मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. डॉ. बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. एमबीबीएस नागपूरला केलेले. त्यांच्यासमोर विंचू चावलेले रुग्ण येत होते आणि त्यांतले काही डोळ्यांदेखत जात होते.

खेड्यातल्या केंद्रात त्या काळी अतिदक्षता विभाग नव्हता. रक्तदाबाचे यंत्र, स्टेथोस्कोप आणि स्वतःचा हात ही साधने होती. डॉ. बावस्करांनी केले ते हे, की रुग्णाशेजारी बसून पुन्हा पुन्हा पाहिले आणि लिहून ठेवले. कोणाला आधी उलटी झाली, घाम कधी सुटला, हात कधी गार पडले, रक्तदाब किती होता, नाडी किती होती. अशा नोंदींतून एक क्रम दिसू लागला. १९८२ मध्ये त्यांचा लेख लंडनच्या द लॅन्सेट या नियतकालिकात आला. विषय होता लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर संकट येणार आहे हे आधीच सांगणारी लक्षणे. उलट्या, भरपूर घाम, थंडगार हात-पाय आणि पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता ही ती लक्षणे होती.

याचे महत्त्व लक्षात घ्या. फुफ्फुसात पाणी भरल्यावर निदान करायला विशेष हुशारी लागत नाही, पण तोवर उशीर झालेला असतो. इथे त्याच्या काही तास आधी, नुसता हात लावून, धोक्यातला रुग्ण ओळखता येऊ लागला.

आणखी एक निरीक्षण सामान्य माणसाच्या समजुतीच्या अगदी उलट होते. ज्यांना डंखाच्या जागी प्रचंड वेदना होतात, पण बाकी काही लक्षण नसते, ते बहुधा सुखरूप राहतात. ज्यांच्या अंगात विष भिनते, त्यांना डंखाच्या जागी अनेकदा फारसे दुखत नाही. ते बरे होऊ लागले की मग वेदना जाणवू लागतात.

आता मांत्रिकाला यश का मिळते तेही कळेल. बहुतेक रुग्ण मुळात बरेच होणार असतात, त्यांचे श्रेय मंत्राला मिळते. आणि ज्या मुलाची वेदना कमी आहे, त्याच्याबद्दल "विष उतरलं" असे सांगितले जाते, तेव्हा कदाचित त्याचे हात गार पडू लागलेले असतात.

जुनी औषधे का चालली नाहीत?

त्या काळी अशा रुग्णांना बरीच औषधे दिली जात. गुंगी आणणाऱ्या तीन औषधांचे एकत्र मिश्रण, ॲट्रोपिन, स्टेरॉइड, लघवी वाढवणारी इंजेक्शने, हृदयाचे ठोके जोरदार करणारे डिगॉक्सिन. प्रत्येकामागे काही ना काही विचार होता. पण रक्ताभिसरणाच्या नजरेतून पाहिले तर अडचण दिसते.

डिगॉक्सिन हृदयाला जोर लावायला सांगते, पण पुढच्या नळ्या आवळलेल्याच आहेत. चढावर अडलेल्या गाडीच्या बैलाला चाबूक मारण्यासारखे ते झाले. लघवी वाढवणारे औषध उलट्या आणि घामाने आधीच कोरड्या पडलेल्या शरीरातून आणखी पाणी काढते. ॲट्रोपिन घाम आणि लाळ थांबवते, त्यामुळे रुग्ण वरवर बरा दिसतो, पण नाडीला लगाम घालणारी यंत्रणाच ते बंद करते आणि ॲड्रेनॅलिनला रान मोकळे मिळते. बावस्कर दांपत्याने ॲट्रोपिनच्या या प्रश्नावर १९९२ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला.

नळ्या सैल करा

सत्तरच्या दशकात हृदयरोगशास्त्रात एक नवा विचार रुजत होता. थकलेल्या हृदयाला मारून-मुटकून चालवण्यापेक्षा त्याच्यापुढचा भार हलका करावा, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे द्यावीत. अमेरिकेत डॉ. जे कोन आणि सहकाऱ्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड या औषधाचा असा उपयोग दाखवला होता.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. करून डॉ. बावस्कर पुन्हा महाड परिसरात आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या कामात बरोबरीने होत्या. विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांना त्यांनी नायट्रोप्रुसाइड दिले आणि फुफ्फुसातले पाणी ओसरू लागले. पण हे औषध सलाइनमधून थेंब थेंब द्यावे लागते, ते उजेडापासून झाकून ठेवावे लागते, आणि रक्तदाब सतत मोजत राहावे लागते. थोडे जास्त गेले तर रक्तदाब धाडकन खाली येतो. तालुक्याच्या ठिकाणी जे कसेबसे जमते, ते वाडीवस्तीजवळच्या केंद्रात रात्री दोन वाजता जमणार नाही.

म्हणून त्यांनी प्राझोसिन ही गोळी निवडली. रक्तदाबासाठी वापरली जाणारी ही साधी, स्वस्त गोळी. नॉरॲड्रेनॅलिन रक्तवाहिन्यांच्या ज्या कुलपात शिरून त्या आवळते, ते कूलूपच प्राझोसिन अडवते. धमन्या आणि शिरा दोन्ही सैल पडतात. म्हणजे पुढची वाट मोकळी होते आणि मागचा लोंढाही कमी होतो. १९८६ मध्ये या दांपत्याचा प्राझोसिनवरचा लेख द लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. या उपचारानंतर गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते ते जवळपास १ टक्क्यापर्यंत आले, असे त्यांच्या पुढच्या लेखांत नोंदलेले आहे.

गोळीचा परिणाम कळण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गार पडलेले हात-पाय पुन्हा कोमट झाले, घाम थांबला, की औषध लागू पडले.

त्याच १९८६ सालची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत ६४२ पुरुष रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल त्या वर्षी आला. हे सर्व हृदय दुर्बल झाल्याचे जुने रुग्ण होते. त्यांच्यात प्राझोसिनने आयुष्य वाढले नाही, खोट्या गोळीइतकाच परिणाम दिसला. औषध तेच, रोगाचे नावही "हृदय निकामी होणे" हेच. पण वर्षानुवर्षे दुबळे होत गेलेले हृदय वेगळे, आणि काही तासांपूर्वी धडधाकट असलेले, ॲड्रेनॅलिनच्या वादळात सापडलेले हृदय वेगळे. म्हणूनच "शेजाऱ्याला हीच गोळी लागू पडली" या सांगण्यावर विसंबून औषध घेऊ नका, असे मी नेहमी सांगतो.

लस की गोळी?

बोलीभाषेत आपण जिला विंचवाची लस म्हणतो, ते खरे तर विषावरचे तयार प्रतिविष. लाल विंचवाच्या विषावरचे प्रतिविष मुंबईत परळच्या हाफकिनने तयार केले. मग प्रश्न आला, की प्राझोसिन पुरेसे आहे की बरोबर प्रतिविषही द्यावे? महाडमध्ये ७० रुग्णांवर याचा अभ्यास झाला. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने ३५ जणांना नुसते प्राझोसिन आणि ३५ जणांना प्राझोसिनबरोबर प्रतिविष देण्यात आले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८ होते, तर दोन्ही दिलेल्या गटात ३२. बरे होण्याचा सरासरी वेळ १७.७ तासांवरून ८ तासांवर आला. हा अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. ज्या नियतकालिकात ५० वर्षांपूर्वी ७८ पैकी २३ मृत्यूंची नोंद आली होती, तेच हे नियतकालिक.

यामागचे तत्त्व सरळ आहे. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते, म्हणून ते लवकर द्यावे लागते. जे वादळ आधीच उठले आहे, ते प्राझोसिन शमवते. २०२२ मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

हेच वादळ मेंदूच्या आजारातही

विंचू न चावताही असे वादळ उठते. मेंदूत रक्तस्राव होऊन पक्षाघात झालेल्या काही रुग्णांचा ईसीजी अगदी हार्ट अटॅकसारखा दिसतो, हे १९५४ मध्येच अमेरिकेतील डॉ. बर्च आणि सहकाऱ्यांनी नोंदवले होते. मेंदूला इजा झाली की तिथून ॲड्रेनॅलिनचा पूर सुटतो आणि हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी "ताकोत्सुबो" नावाचा आजार वर्णिला. जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा तसाच मोठा धक्का बसल्यावर हृदयाची डावी बाजू फुगते, आणि तिचा आकार ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. २००५ मध्ये अमेरिकेतील अभ्यासात अशा रुग्णांच्या रक्तातही ॲड्रेनॅलिनचे प्रमाण फार वाढलेले आढळले. उलट बाजूने, विंचूदंशानंतर अर्धांगवायू झाल्याच्याही नोंदी आहेत. मेंदू, मज्जातंतू, हृदय आणि रक्तवाहिन्या या चार वेगळ्या खोल्या नाहीत, एकाच घरातले वायरिंग आहे. एका ठिकाणचा बिघाड दुसरीकडे दिवे घालवतो.

आपण काय करायचे?

१. विंचू चावल्यावर दुखणे किती आहे यावरून धोका ठरवू नका. उलटी, दरदरून घाम, लाळ, थंडगार हात-पाय, छातीत धडधड, धाप यांकडे लक्ष ठेवा. यांतले एकही दिसले तर तातडीने रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

२. लहान मुलाला विंचू चावला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच न्या. सुरुवातीचे काही तास त्याला डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवणे आवश्यक आहे. बधिर करण्याच्या इंजेक्शनने दुखणे थांबले म्हणून घाईने घरी आणू नका.

३. दोरी आवळून बांधणे, कापणे, चोखणे, चुना किंवा पाला बांधणे यात वेळ घालवू नका. जागा साबण-पाण्याने धुवा, रुग्णाला शांत ठेवा, चालवू नका.

४. प्राझोसिन घरी आणून स्वतः देऊ नका. मात्रा वजनावर ठरते. गोळीनंतर उठून बसल्यास रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवे ठेवून रक्तदाब मोजत राहावे लागते.

५. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि चपला वापरा. चपला-बूट आणि कपडे झटकून घाला. सरपण भिंतीपासून लांब रचा. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी.

पनवेल शहरात राहणाऱ्यांना हे दूरचे वाटेल. पण आपल्या तालुक्यातल्या डोंगराकडेच्या वाड्या, वीटभट्ट्या आणि बांधकामाच्या जागांवरची मजुरांची झोपडी इथे लाल विंचू आजही आहे. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना, वॉचमनला, शेतावरच्या गड्याला ही एवढीच गोष्ट सांगून ठेवा: विंचू चावला की मुलाच्या हाताला हात लावून पाहा. हात गार आणि घामेजलेला असेल, तर मुलाला दुखत नसले तरी थांबू नका.